धुतलेलं करडू

६ नोव्हेंबर

आजपासून रिपोर्ट लिहायला घेतला. मी वॉर्डात मेट्रन होते तेव्हा रिपोर्ट लिहिल्याशिवाय कधी ड्यूटीवरून उठले नाही. इथे ड्यूटी संपतच नाही, ही गोष्ट वेगळी.

कारणही लिहून ठेवते, म्हणजे पुढे कुणी "तू असं म्हणालीच नव्हतीस" म्हणायला नको. हे बसडेपोतून कंट्रोलर म्हणून निवृत्त झाले आणि वर्ष व्हायच्या आत यांना शेळ्यांचं वेड लागलं. शहराबाहेर दोन खोल्यांचं घर, मागे गोठा, पुढे तुकडाभर जमीन बघून आले आणि लहान मुलासारखे माझ्यामागे भुणभुण करायला लागले. मी नाही म्हटलं. यांचं तोंड एवढंसं झालं. शेवटी तह झाला, तो असा: थंडी सरेपर्यंत इथे राहून बघायचं. त्यानंतर मी म्हणेन ते. मी "परत चला" म्हटलं तर हे एक अक्षर बोलणार नाहीत, गुमान शहरातल्या फ्लॅटवर येतील. शब्द दिलाय आणि यांचा शब्द पक्का असतो. फ्लॅट बंद करून ठेवलाय, किल्ली माझ्या पर्समध्ये आहे.

तेव्हा हा रिपोर्ट म्हणजे माझा पुरावा. थंडी सरली की यांच्यापुढे ठेवायचा आणि म्हणायचं, वाचा.

पेशंट पुढीलप्रमाणे: तीन शेळ्या (त्यातल्या दोन गाभण), कोंबड्या, दोन बदकं, एक गाढव. गाढव आम्ही घेतलेलं नाही. कुणी जुने पडदे तसेच ठेवून जावेत तसं आधीचा मालक ते इथेच ठेवून गेला.

नावं कुणालाही द्यायची नाहीत, हा माझा नियम. नाव दिलं की माया लागते आणि मला तर परत जायचंय. शेळ्यांना बेड नंबर दिलेत. हे म्हणाले, "नावं द्यायची नाहीत, नुसती ठेवायची, असंच ना?" मी लक्ष दिलं नाही.

११ नोव्हेंबर

यांनी गोठ्याच्या दारावर टाइमटेबल लावलं. सकाळचा चारा, पाणी, मोकळीक, संध्याकाळी परत गोठ्यात. डेपोतली शिट्टीसुद्धा बाहेर काढलीय. शिट्टी वाजली की शेळ्यांनी रांगेत यावं अशी यांची अपेक्षा. शेळ्यांनी ढुंकून पाहिलं नाही. कोंबड्या उलट दिशेला पळाल्या. फक्त गाढव आलं आणि फाटकाशी असं उभं राहिलं, की जणू शेवटची बस चुकायला नको. हे इतके खूश झाले, की त्याला तिथेच शाबासकी दिली. पालथ्या घड्यावर पाणी. शेळ्यांना म्हणत नाहीये मी.

१९ नोव्हेंबर

गोठा मी सांगेन तसा चालणार. जमीन घासून घेतली, भिंतींना चुना दिला, दारात फिनेलच्या पाण्याचं घमेलं ठेवलं. आत जाणाऱ्याने त्यात गमबूट बुडवूनच आत जायचं. हे चोरून तसेच जातात. मला वासावरून कळतं.

जनावरांची डॉक्टरीण गाभण शेळ्या बघायला आली होती. आपल्या लेकीपेक्षा थोडी लहान असेल. म्हणाली, "काकू, माझ्या दवाखान्यापेक्षा तुमचा गोठा स्वच्छ आहे." मी म्हटलं, नखं दाखव. दाखवली. स्वच्छ होती. मुलगी बरी आहे.

२ डिसेंबर

बदकांच्या डबक्याशी पाय घसरला आणि चिखलात बसले. कंबर दुखतेय. पुरावा क्रमांक एक.

३ डिसेंबर

कंबरेला शेक घेत पडून होते. यांना म्हटलं, तीन नंबरचा मागचा उजवा खूर बघा, कालपासून पाय उचलून धरतेय. हे बघून आले आणि म्हणाले, छान आहे. छान म्हणजे काय? शेवटी कंबर धरून मीच गेले. खुरात खडा अडकला होता. माणूस डोळे असून बघत नाही, त्याला काय करायचं?

गाढवाला गाजर दिलं. उरलं होतं म्हणून. वाया घालवायची मला सवय नाही.

१४ डिसेंबर

लेक रविवारी येऊन गेली. यांनी तिला सगळं हिंडवून दाखवलं. जाताना ती मला बाजूला घेऊन म्हणाली, "आई, तुझा रंग उजळलाय." उन्हात रापून माझा कोळसा झालाय आणि ही म्हणते उजळलाय. बापाच्या बाजूने बोलायची तिची जुनी सवय.

तिला म्हटलं, थंडी सरली की आम्ही येतोच, फ्लॅटच्या खिडक्या अधूनमधून उघडत जा. ती हो म्हणाली आणि तिने हसू लपवल्यासारखं मला वाटलं. कदाचित भास असेल.

२९ डिसेंबर

दोन नंबर व्याली. जुळी.

दुपारची जेवणं झाली आणि तिने सुरुवात केली. हे बसथांब्यावर चेंगराचेंगरी झाल्यासारखे सैरावैरा. यांना पाणी तापवायला पिटाळलं आणि मी स्वतः बसले. पहिलं करडू सरळ आलं. आई त्याला चाटत होती, तेवढ्यात दुसरं आलं. हे अगदी लहानसं, चिकट, माखलेलं, नाकातोंडात घाण. आईचं लक्ष थोरल्याकडे. मग मी काय केलं? जन्मभर जे केलं तेच. नाक पुसलं, कोमट पाण्यात दवाखान्याच्या साबणाने स्वच्छ आंघोळ घातली, कोरडं केलं आणि टॉवेलात गुंडाळलं. अंगाला असा वास येत होता म्हणून सांगू, अगदी नवजात बालकांच्या खोलीचा. किती वर्षांनी नाकात गेला तो. दोन मिनिटं छातीशी धरून उभी राहिले. धाकटी मादी आहे, कपाळावर पांढरा ठिपका.

हे म्हणाले, "बाई, अजून हात तसाच आहे तुझा." मला बरं वाटलं. खोटं कशाला लिहू?

३० डिसेंबर

लिहायला हात धजत नाही.

दोन नंबर धाकटीला जवळ घेत नाही. थोरल्याला पाजते, चाटते. धाकटी जवळ गेली की हुंगते आणि डोक्याने ढकलून देते. मला आधी वाटलं शेळी दमलीय. मग वाटलं दूध कमी आहे. सकाळी तिने एवढ्याशा जिवाला भिंतीवर आपटलं, तेव्हा डॉक्टरणीला बोलावलं.

तिने सगळं विचारून घेतलं. आंघोळीचं सांगितल्यावर म्हणाली, "काकू, शेळी तोंडावरून नाही ओळखत लेकराला. वासावरून ओळखते. तुम्ही पिल्लाचा पत्ताच धुऊन टाकलात."

रागावून नाही म्हणाली. हसूनच म्हणाली. पण मी माझ्या हातांकडे बघत राहिले.

किती बाळं या हातांनी न्हाऊ घालून आईच्या कुशीत दिली. एकाही आईने तोंड फिरवलं नाही. आणि इथे माझ्या साबणापायी एक लेकरू आई असून पोरकं झालं. करायला गेले एक आणि झालं भलतंच.

उपाय सांगितलाय. आईला धरून ठेवायचं आणि धाकटीला बळेच पाजायचं. दूध पोटात गेलं की हळूहळू अंगाला आईचाच वास येईल. आईचं दूध तिच्या अंगालाही चोळायचं. जमेल म्हणाली. नाही जमलं तर बाटली आहेच, पण बाटलीवरची करडं अशक्त राहतात आणि काही जगत नाहीत. मी विचारलं म्हणून सांगितलं तिने.

३ जानेवारी

दिवसाचा क्रम असा. हे दोन नंबरची शिंगं धरतात, मी मागून धाकटीला आचळाशी लावते, दोन नंबर लाथ मारते. यांना टेंगूळ, मला नडगीवर निळं. धाकटी तेवढ्यात जेमतेम दोन घोट पिते. पुन्हा तासाभराने तेच. काल दूध काढून तिला चोळलं, तर चाटायला आलं कोण? गाढव.

हे तिला साबणी म्हणतात. मी नाही म्हणत. बेड नंबर दोन, धाकटी.

यांना या सगळ्यात इतकं हसू कसं येतं ते कळत नाही. शिंगं धरून ठेवली असतानाही डेपोचे किस्से चालू. एकदा मलाही हसू आलं आणि हातातून आचळ सुटलं. दोघंही शेणात बसलो. शेणात बसून म्हातारा-म्हातारी हसतायत, आणि शेळी आमच्याकडे बघतेय. लेकीने पाहिलं असतं तर डॉक्टर बोलावला असता, माणसांचा.

९ जानेवारी

थोरला उड्या मारतो. धाकटीच्या बरगड्या हाताला लागतात. आज डॉक्टरणीने वजन केलं आणि काही बोलली नाही. न बोललेलं मला कळतं. मीही असंच गप्प राहायचे, नातेवाईक पलीकडे उभे असले की.

संध्याकाळी ठरवलं. यांना म्हटलं, थंडी सरायची वाट कशाला बघायची? मला जायचंय. मी इथे हात लावेन तिथे बिघडवणार. वॉर्डात मला कळत होतं काय करायचं ते. इथे एक आंघोळ घातली ती अशी. या मुक्या जनावराचं काही झालं तर मी स्वतःला तोंड दाखवू शकणार नाही. त्यापेक्षा जी जागा आपली आहे तिथे आपण बरं.

वाटलं होतं हे वाद घालतील, समजूत काढतील, निदान तोंड एवढंसं करतील. उत्तरंसुद्धा तयार होती. हे नुसतं म्हणाले, "बरं."

शब्द पाळला म्हणायचा. पण माणसाने एवढाही शब्द पाळू नये.

१२ जानेवारी, फ्लॅट

लेक गाडी घेऊन आली आणि मला इथे सोडलं. हे जनावरांची सोय लावून मागाहून येणार. तोवर दोन नंबरला खांबाला बांधून हे एकटेच धाकटीला पाजणार. यांना सगळं समजावून सांगितलं, मग कागदावर लिहून दिलं, मग गाडीत बसल्यावर पुन्हा खाली उतरून एकदा सांगितलं.

फ्लॅट स्वच्छ आहे. नळाला गरम पाणी आहे. पायाखाली चिखल नाही. अगदी हवं तसं झालं.

१४ जानेवारी

पहाटेच जाग आली. उठून बसले. मग कळलं की उठून करायचं काहीच नाही. तरी उठले. सगळी कपाटं लावली. दुपारी पुन्हा लावली.

यांना फोन केला. धाकटी पितेय का? "पितेय." किती? "बरीच." बरीच म्हणजे किती? "पोटभर." शेण कसं आहे? "छान आहे." या माणसाने असा रिपोर्ट दिला असता तर मी नाइट ड्यूटी लावली असती. तीन नंबरबद्दल विचारायला पुन्हा फोन केला. मग कोंबड्यांच्या खोक्यांतला पेंढा बदलला का ते विचारायला. मग फोन उचलायचे बंद झाले. म्हणे गोठ्यात रेंज नसते. इतके दिवस होती.

१७ जानेवारी

भाजीची देठं, वाटाण्याची सालं, गाजरांचे शेंडे टाकवत नाहीत. पिशवीत साठवतेय. पिशवी भरली म्हणून दुसरी घेतली. कशासाठी विचाराल, तर माहीत नाही.

लेक आली आणि म्हणाली, आई, फ्रिजमध्ये हे काय? मी म्हटलं, साबणीला एवढ्यात चालणार नाही, पण एक नंबरला वाटाण्याची सालं फार आवडतात. ती म्हणाली, साबणी कोण? म्हटलं, दोन नंबरची धाकटी. ती माझ्याकडे बघतच राहिली. हल्ली तिचं हे बघणं वाढलंय. कामाचा ताण असेल.

२३ जानेवारी

आज दुपारी दाराची बेल वाजली. दारात हे. पायात गमबूट, सोफ्यावर बसले ते तसेच. गालिच्याकडे बघवेना.

म्हणाले, "आलो. आता इथेच. जनावरांची सोय झाली. एकाला सगळी एकगठ्ठा हवी होती, तो उद्या सकाळी गाडी आणतोय."

मी विचारलं, सगळी म्हणजे? म्हणाले, सगळी. गाढवसुद्धा. मी विचारलं, साबणी? म्हणाले, ती पण. मी म्हटलं, त्या माणसाला माहीत आहे का तिला आईला धरून पाजावं लागतं? त्याच्याकडे कुणी आहे का धरायला? त्याची नखं कशी आहेत? हे म्हणाले, नखं काही बघितली नाहीत. आणि आता या घटकेला तिथे कोण आहे? तर म्हणे डॉक्टरीण बसलीय तासभर.

माझा संताप झाला. म्हटलं, एवढी कोवळी जनावरं कुणा ऐऱ्यागैऱ्याच्या हवाली करून तुम्ही इथे गमबूट घालून येऊन बसता? मला एका शब्दाने विचारलं नाहीत. तर यांनी शांतपणे आठवण करून दिली, "आपलं ठरलं होतं. तू म्हणशील ते, आणि मी एक अक्षर बोलणार नाही. नाही बोललो."

मी पर्स घेतली, सालांच्या पिशव्या घेतल्या आणि म्हटलं, "उठा. आधी घरी चला."

लेक तिथेच होती. तिला एकदम हसू फुटलं. यांनी खिडकीकडे तोंड केलं. त्यात हसण्यासारखं काय होतं कोण जाणे. एवढ्या घाईत मला विचारायला वेळ नव्हता.

घाईत एक गोष्ट मात्र नजरेतून सुटली नाही. कायमचं राहायला आलेला माणूस, आणि बरोबर कपड्यांची एक जोडीसुद्धा नाही. टूथब्रश नाही. विसराळूपणाची हद्द झाली. एके काळी या माणसाच्या भरवशावर शहरभर बसगाड्या धावत होत्या.

पोहोचलो तेव्हा उन्हं कलली होती. मी तशीच, चांगल्या कपड्यांनिशी गोठ्यात गेले. घमेल्यात पाय बुडवायचंही भान राहिलं नाही. आत दोन नंबर मोकळी उभी होती. ना दावं, ना कुणी धरलेलं. एका बाजूला थोरला, दुसऱ्या बाजूला साबणी, आणि तिची शेपटी अशी हलतेय, अशी हलतेय! दोन नंबरने मान वळवली, तिला शेपटीपाशी हुंगलं आणि चाटलं. दोनदा चाटलं.

मी खाली गवतावर बसले आणि रडले. मोठ्याने रडले. लाज वाटली नाही. आईचं कसं आहे बघा, साबण लागो नाहीतर आणखी काही, लेकरू पुरेसं चिकटून राहिलं की ती त्याला आपलं म्हणतेच.

यांना विचारलं, हे कधीपासून? म्हणाले, तू गेलीस त्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून. मग फोनवर सांगितलं का नाहीत? "तू विचारलंस, पितेय का? मी म्हटलं, पितेय." असल्या माणसाशी कसा संसार केला मी, माझं मलाच नवल वाटतं.

२४ जानेवारी

सकाळपासून फाटकात उभी होते. त्या एकगठ्ठा घेणाऱ्याला काय सुनवायचं ते पाठ केलं होतं. आमची जनावरं विकायची नाहीत, द्यायची नाहीत, आणि गाढवाला तर हातही लावायचा नाही. ऊन डोक्यावर आलं. गाडी नाही, माणूस नाही, साधा निरोप नाही. म्हणजे बघा, असल्या बेभरवशाच्या माणसाच्या दावणीला यांनी आपली लेकरं बांधली असती.

यांना विचारलं, तुम्हाला हा भेटला कुठे? म्हणाले, डॉक्टरीणबाईंच्या ओळखीचा. संध्याकाळी ती आली तेव्हा तिच्यापाशी विषय काढला, तर तिला एकदम खोकल्याची उबळ आली. उत्तरच देता येईना बिचारीला. दिवसभर गारठ्यात हिंडते, होणारच. वाफ घ्यायला सांगितली.

साबणीचं वजन केलं. वाढलंय. एक नंबरचे दिवस भरत आलेत. यांना बजावून ठेवलंय, या खेपेला कुणीही पाणी तापवायचं नाही.

जेवताना हे पानाकडे बघत म्हणाले, "मग थंडी सरल्यावर काय म्हणणार आहेस?" मी म्हटलं, सरू तर द्या.

सांगितलं नाही, पण रिपोर्टात खोटं लिहायची मला सवय नाही, म्हणून इथे लिहिते. मला इथून कुठेही जायचं नाही. मला ही जागा आवडते, ही जनावरं आवडतात, यांचं शेणात बसून हसणंही आवडतं. हे आत्ताच कळलं तर माणूस डोक्यावर बसेल. तेव्हा थंडी सरेपर्यंत ताकास तूर लागू द्यायची नाही. तोवर यांच्या जिवाला घोर लागून राहणार, पण इलाज नाही.

मघापासून गोठ्यात गाणं म्हणतायत, तेही मोठमोठ्याने. काळजीत असले की हे असे गातात. इतक्या वर्षांच्या संसारात यांचं एवढं तरी मला कळतंच.